जसं गणित, तशी चिप
मी राहतो त्या चिखलीत लेथवरचा कारागीर हरतऱ्हेचा जॉब करतो. पण एकाच मापाची हजारो भोकं पाडायला खास यंत्र लागतं. लष्करी रडारचंही तसंच. परतलेल्या लहरींतून विमान हुडकायचं, तर तेच गुणाकार, त्याच बेरजा कोट्यवधी वेळा. साधा प्रोसेसर म्हणजे लेथ. म्हणून असंख्य गुणाकार एकाच वेळी करणारी चिप बसवतात.

कधी उलटही होतं. लष्करी वापराच्या धास्तीनं अमेरिकेनं प्रगत महासंगणक नाकारला, तेव्हा पुण्याच्या सी-डॅकनं १९९१ मध्ये ट्रान्सप्युटर चिप्स जोडून ‘परम ८०००’ उभारला. तिथं गणितच तुकडे करून चिप्सना वाटावं लागलं.

गझल लिहिताना मीही कधी शब्द बदलतो, कधी वृत्त. माझी ओळ फसली तर फारसं बिघडत नाही; रडारला उशीर झाला, तर माणसं जातात.