कॅथॉलिक धर्मभगिनींची दिनचर्या आणि वंचित वस्तीतील सेवाकार्य : वाळूज व मराठवाड्याच्या संदर्भात

प्रस्तावना

मराठवाड्यातील ख्रिस्ती मिशनकार्याचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने धर्मगुरूंकडे जाते. गावात प्रथम कोण आले, चर्च केव्हा बांधले गेले, बाप्तिस्मा किती जणांचा झाला, याच्या नोंदी सापडतात. मात्र त्याच गावात बाळंतिणीच्या उशाशी बसणाऱ्या, मुलींना अक्षरओळख करून देणाऱ्या आणि जखमा धुणाऱ्या ‘सिस्टर’ या नोंदींतून बहुधा निसटतात. प्रस्तुत लेखात या धर्मभगिनींचे दैनंदिन जीवन, त्यामागील नियम आणि वंचित वस्तीतील त्यांच्या सेवेचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

‘नन’ आणि ‘सिस्टर’

बोलीभाषेत हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जात असले, तरी चर्चच्या परंपरेत त्यांत भेद आहे. नन म्हणजे मठाच्या भिंतीआड राहून प्रार्थनेला वाहून घेतलेली स्त्री. सिस्टर मात्र व्रतस्थ असूनही शाळा, रुग्णालय व वस्ती यांत काम करते. १६३३ मध्ये फ्रान्समध्ये व्हिन्सेंट द पॉल आणि लुईज द मारिलाक यांनी ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ हा संघ स्थापन केला, तेव्हा व्रतस्थ स्त्रियांनी रस्त्यावर उतरून रुग्णसेवा करणे ही कल्पनाच धाडसाची होती. अशा सेवाभावी संघांना पूर्ण मान्यता मिळण्यास १९०० साल उजाडावे लागले. त्या वर्षी पोप तेरावे लिओ यांनी त्यासंबंधीचे विधान जारी केले.

मान्यता मिळाली तरी बंधने राहिलीच. व्रतस्थ भगिनींनी प्रसूतिशास्त्राचे काम करू नये, असा चर्चचा दंडक होता. भारतात तो विशेष जाचक ठरला, कारण पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडून उपचार घेत नसत. रावळपिंडीत काम केलेल्या ऑस्ट्रियन डॉक्टर ॲना डेंगेल यांनी हे मृत्यू पाहिले. त्यांनी १९२५ मध्ये वैद्यकीय मिशन भगिनींचा संघ स्थापन केला आणि सातत्याने पाठपुरावा केला. अखेर १९३६ मध्ये रोमने हा दंडक मागे घेतला. नियम पाळणाऱ्या स्त्रियांनीच नियम बदलवून घेतल्याचे हे उदाहरण आहे. आज्ञापालनाच्या व्रताविषयी बोलताना ते सहसा सांगितले जात नाही.

मराठवाड्याची पार्श्वभूमी

गंगापूर-वैजापूर परिसरातील कॅथॉलिक मिशनकार्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संघाचे फ्रेंच धर्मगुरू येथे आले. त्यांपैकी बोरसरचे गुरिएन जाकिए हे लोकांच्या तोंडी ‘गुरिएनभटजी’ झाले. परदेशी पाद्र्याला ‘भटजी’ म्हणणाऱ्या दलित समाजाने त्या एका शब्दात किती अर्थ भरला असेल, याचा स्वतंत्र विचार व्हावयास हवा. पुढे १९५५ मध्ये नागपूरपासून अमरावती आणि १९७७ मध्ये अमरावतीपासून औरंगाबाद असे धर्मप्रांत वेगळे झाले. धर्मगुरूंपाठोपाठ धर्मभगिनी आल्या. शाळा, वसतिगृह व दवाखाना असे त्रिविध स्वरूप गावोगावच्या मिशनकेंद्रांना लाभले ते मुख्यतः त्यांच्यामुळे.

दिनचर्या

धर्मभगिनींच्या जीवनाचा सर्वांत काटेकोर नमुना म्हणून मदर तेरेसा यांनी ७ ऑक्टोबर १९५० रोजी कलकत्ता येथे स्थापन केलेल्या ‘मिशनरीज ऑफ चॅरिटी’ या संघाकडे पाहता येते. घरपरत्वे वेळांत थोडा फरक पडतो; परंतु सर्वसाधारणपणे पहाटे पावणेपाचच्या आत उठणे, प्रार्थना व मिस्सा, साधा नाश्ता, कपडे धुणे व झाडलोट आणि आठच्या सुमारास कामाला प्रारंभ असा क्रम असतो. दुपारी जेवण व अल्प विश्रांती, नंतर वाचन, पुन्हा काम. १९७३ पासून दररोज एक तास मौन आराधनेसाठी राखलेला आहे. रात्री दहापूर्वी दिवे मालवले जातात. आठवड्यातील एक दिवस, बहुधा गुरुवार, बाहेरचे काम बंद ठेवून चिंतन व घरकामासाठी दिला जातो.

वैयक्तिक मालमत्ता म्हणाल तर निळ्या काठांच्या तीन सुती साड्या, चपलांचा जोड, बादली, थाळी आणि जपमाळ. या साड्या पश्चिम बंगालमधील टिटागढ येथे कुष्ठरुग्णांच्या केंद्रात विणल्या जातात. वस्तीत जाताना भगिनी एकट्या जात नाहीत. दोघी-दोघींनी, बहुधा वाटेत माळ जपत जातात. बाहेर कोणाच्याही घरी त्या अन्न किंवा चहा घेत नाहीत. पहिल्या नजरेत हा नियम रुक्ष वाटतो. आपल्याकडे दारी आलेल्याने घोटभर चहाही नाकारणे अपमानास्पद मानले जाते. मात्र ज्या घरात दूध उसने आणावे लागते, त्या घराला पाहुणचाराच्या ओझ्यातून मुक्त करणे हा त्याचा हेतू आहे. श्रीमंताघरी चहा आणि गरिबाघरी नकार, असा भेदही त्यामुळे उरत नाही.

आहाराची कथा अधिक बोलकी आहे. १९४८ मध्ये लोरेटो संघातून बाहेर पडल्यावर मदर तेरेसा काही महिने पाटण्याला वैद्यकीय मिशन भगिनींकडे, म्हणजे डेंगेल यांच्याच संघाकडे, रुग्णसेवेचे प्रशिक्षण घेण्यास गेल्या. आपल्या भगिनींनी गरिबातल्या गरिबाप्रमाणे मीठ-भात खाऊन राहावे, असा त्यांचा विचार होता. तेथील भगिनींनी त्यास स्पष्ट विरोध केला. अपुऱ्या अन्नावर दिवसभर क्षयरोग्यांत वावरणाऱ्या मुली स्वतःच क्षयाने मरतील, असे त्यांचे म्हणणे होते. ते मानले गेले. साधे पण पुरेसे अन्न हा नियम झाला.

दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ही तीन व्रते सर्वच संघांत असतात. या संघात ‘गरिबांतील अतिगरिबांची मनःपूर्वक व विनामूल्य सेवा’ हे चौथे व्रत आहे. अंतिम व्रते घेण्यापूर्वी उमेदवार मुलीला अनेक वर्षांच्या टप्प्याटप्प्याच्या प्रशिक्षणातून जावे लागते आणि त्या काळात ती परतही जाऊ शकते.

आशादान आणि टीकेचा प्रश्न

महाराष्ट्रातील या सेवेचे परिचित केंद्र म्हणजे मुंबईतील भायखळ्याचे ‘आशादान’. हिंदुस्थान लिव्हर कंपनीच्या मालकीच्या सुमारे ७२,५०० चौरस फूट जागेवर ते १९७६ मध्ये सुरू झाले. टाकून दिलेली व अपंग बालके, निराधार आणि एचआयव्हीग्रस्त असे तीनशेहून अधिक जण तेथे आश्रय घेतात. जागेची देखभाल कंपनी करते. रात्रंदिवसाची शुश्रूषा भगिनींकडे आहे.

या संघाच्या कार्यपद्धतीवर झालेली टीका दुर्लक्षिता येणार नाही. १९९४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक रॉबिन फॉक्स यांनी कलकत्त्यातील मरणासन्नांच्या आश्रमाला भेट देऊन लिहिले. प्रभावी वेदनाशामकांचा अभाव आणि बरे होण्याजोगे व न होणारे रुग्ण यांत पुरेसा फरक न करणे, या उणिवा त्यांनी दाखविल्या. ही टीका रास्त होती. सहवास आणि स्पर्श यांचे मोल कितीही असले, तरी वेदना शमविणे शक्य असताना ती सोसावयास लावणे समर्थनीय ठरत नाही. डेंगेल यांची परंपरा येथे अधिक उपयोगी आहे, कारण त्यांनी व्रत आणि वैद्यकशास्त्र यांत अंतर पडू दिले नाही.

वाळूज परिसर

गंगापूर तालुक्यातील वाळूज हे गाव औद्योगिक वसाहतीमुळे बदलले. बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये येथे सुरू झाला आणि बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटी या भागांत भाडेकरूंची दाटी झाली. एका खोलीत कुटुंब, कंत्राटी काम, पाळीची ड्यूटी आणि काम सुटले की खोली बदलणे, हे येथील अनेक घरांचे वास्तव आहे.

मिशनकार्याचा जुना साचा मात्र स्थिर गावासाठी घडला होता. तेथे सिस्टरला तीन पिढ्यांची नावे ठाऊक असत. लसीकरण चुकलेले मूल घर सांगून सापडे. भाड्याच्या खोल्यांच्या वस्तीत आज ओळखलेले कुटुंब चार महिन्यांनी तेथे असेलच असे नाही. म्हणून अशा ठिकाणी इमारतीपेक्षा गृहभेट महत्त्वाची ठरते. नव्याने आलेल्या बाईला अंगणवाडी कोठे आहे, शिधापत्रिकेवर दुसऱ्या ठिकाणी धान्य कसे मिळते, शाळा बदलताना दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (शिक्षण हक्क कायदा, २००९), एवढे सांगणारे कोणी भेटले तरी मुलाचे वर्ष वाचते. दोघी-दोघींनी पायी फिरण्याची जुनी शिस्त या कामाला आजही चपखल बसते.

येथेच धर्मभगिनींच्या संघांपुढील खरा पेच उभा राहतो. शहरी भागात ‘कॉन्व्हेंट’ हा शब्द इंग्रजी माध्यमाच्या शुल्क घेणाऱ्या शाळेला समानार्थी झाला आहे आणि त्या शाळांत अनेक भगिनींचा दिवस जातो. ग्रामीण व आदिवासी केंद्रांचा खर्च या शाळांच्या उत्पन्नातून भागविला जातो, असे समर्थन केले जाते. त्यात तथ्यही आहे. अनुदानित शाळेत शिकविणाऱ्या भगिनीचे वेतन तिच्या हाती न राहता संघाकडे जाते. अशा वेतनावरही उगमस्थानी करकपात लागू होते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या निर्णयाविरुद्धची अपिले फेटाळून कायम केले.

परंतु कंत्राटी कामगाराच्या मुलीला त्या शाळेच्या फाटकातून आत जाता येते का, हा प्रश्न शिल्लक राहतो. २०१४ च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून, म्हणजेच पंचवीस टक्के जागांच्या तरतुदीतूनही, वगळले. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निकालाच्या योग्यतेविषयी शंका व्यक्त करून विषय मोठ्या पीठाच्या विचारार्थ सरन्यायाधीशांपुढे ठेवला. कायदेशीर सवलत असली तरी शाळेने स्वेच्छेने अशा जागा राखण्यास कोणताही अडसर नाही. ज्या संघांची स्थापनाच गरिबांसाठी झाली, त्यांना त्यासाठी न्यायालयाच्या निर्णयाची वाट पाहण्याचेही कारण नाही.