नुरा कुस्तीच्या घरातला खरा मल्ल : काझुशी साकुराबा

कुस्तीच्या मैदानावर वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला काझुशी साकुराबाची लढत पाहायची असेल, तर एक सवय आधी बाजूला ठेवावी लागते. आपल्याकडे पाठ मातीला टेकली की निकाल लागला. ब्राझीलच्या ग्रेसी घराण्याने नेमकी तिथूनच आपली जुजुत्सू उभी केली. पाठीवर पडायचं, वर आलेल्याला दोन पायांत अडकवायचं, त्याच्या चुकीची वाट पाहायची आणि गळा किंवा कोपर हाती लागलं की त्याला शरण आणायचं. नोव्हेंबर १९९३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हर इथे यूएफसी ही वेगवेगळ्या शैलींच्या लढवय्यांची स्पर्धा पहिल्यांदा झाली, तेव्हा जेमतेम ऐंशी किलोच्या रॉयस ग्रेसीने एकाच रात्री तिघांना या विद्येने हरवलं. त्यानंतर काही वर्षं जगभरचे लढवय्ये पाठीवर पडलेल्या माणसाला घाबरू लागले.

या घराण्याला उत्तर जपानमधून आलं, आणि तेही प्रो-रेसलिंगमधून. हे मला आजही विलक्षण वाटतं, कारण जपानी प्रो-रेसलिंग म्हणजे निकाल आधीच ठरलेली नुरा कुस्ती. तिचे मल्ल तिथे चित्रपटातल्या नायकांइतके लोकप्रिय असत, पण ते खरे लढू शकतात का, ही शंका कायम असे. डिसेंबर १९९४ मध्ये त्यांच्यातला योजी आंजो रिक्सन ग्रेसीला आव्हान द्यायला थेट लॉस एंजेलिसच्या त्याच्या तालमीत गेला आणि रक्तबंबाळ होऊन परतला. ११ ऑक्टोबर १९९७ रोजी टोकियो डोममध्ये आंजोचा म्होरक्या नोबुहिको ताकादा स्वतः रिक्सनसमोर उभा राहिला. पाच मिनिटांच्या आत त्याने हार मानली. एका अख्ख्या धंद्याची अब्रू त्या रात्री गेली.

साकुराबा ताकादाच्याच गोटातला. जन्म १९६९चा, उत्तर जपानमधल्या अकिता प्रांतातला. लहानपणी टायगर मास्क या मुखवटाधारी प्रो-रेसलरचं वेड, मग शाळेत आणि चुओ विद्यापीठात रीतसर कुस्ती, आणि १९९३ मध्ये प्रो-रेसलिंगमध्ये प्रवेश. ताकादाच्या पराभवानंतर दोन-अडीच महिन्यांनी, २१ डिसेंबर १९९७ रोजी योकोहामात यूएफसी आली. साकुराबासमोर होता मार्कस सिल्व्हेरा, वजनाने कितीतरी भारी आणि कार्लसन ग्रेसीकडे तयार झालेला ब्लॅक बेल्ट. ठोसे चुकवत साकुराबा पट काढायला खाली वाकला आणि पंचांना वाटलं, तो बेशुद्ध पडला. लढत थांबली. साकुराबा रिंगणातून हलेचना. चित्रफीत पाहून पंचांनी चूक मान्य केली, त्याच रात्री दोघे पुन्हा लढले आणि साकुराबाने सिल्व्हेराचा हात दोन पायांत घेऊन त्याला शरण आणलं. मग ध्वनिक्षेपकावर त्याने सांगितलं की प्रो-रेसलर खरोखर ताकदवान असतात. ताकादाचा पराभव डोळ्यांनी पाहिलेल्या लोकांसमोर हे म्हणणं सोपं नव्हतं.

त्याची विद्या कुठली? त्यासाठी इंग्लंडच्या तेव्हाच्या लँकेशायरमधल्या विगन या कोळशाच्या खाणींच्या गावी जावं लागतं. तिथे बिली रायलीची ‘स्नेक पिट’ ही तालीम होती. खाणकामगारांची ही कुस्ती कॅच म्हणून ओळखली जाते. खांदे टेकवूनही जिंकता येतं आणि सांधा पिळून शरण आणूनही. या तालमीतून घडलेले दोघे जपानला पोचले. पहिला कार्ल गॉच, १९४८च्या ऑलिंपिकमध्ये बेल्जियमकडून उतरलेला. त्याने जपानी शिष्यांना डाव शिकवलेच, पण त्यांच्या मेहनतीत आपल्या जोर-बैठका आणि मुद्गल यांवरही कमालीचा भर दिला. दुसरा बिली रॉबिन्सन, साकुराबाचा वस्ताद. निकाल ठरलेला असला तरी सराव खरा होता. बाहेर तमाशा आणि दाराआड अस्सल विद्या अशी ही दुहेरी परंपरा होती, आणि ग्रेसींना तिचा अंदाज आला नाही.

या परंपरेतला एक डाव तर आपल्या उपखंडाच्याही ओळखीचा आहे. प्रतिस्पर्ध्याचं मनगट एका हाताने धरायचं, दुसरा हात त्याच्या दंडाखालून घालून आपलंच मनगट पकडायचं आणि त्याचा दुमडलेला हात पाठीमागे पिळत न्यायचा. सगळा भार खांद्यावर आणि कोपरावर येतो. कॅचवाले याला डबल रिस्टलॉक म्हणतात. डिसेंबर १९७६ मध्ये कराचीत गॉचचा शिष्य अंतोनियो इनोकी याने गामा पैलवानांचे पुतणे अक्रम पैलवान यांचा हात याच डावाने निकामी केला होता. त्याआधी, ऑक्टोबर १९५१ मध्ये, रिओच्या माराकाना स्टेडियमवर जपानी जुदोका मासाहिको किमुरा याने एलियो ग्रेसीचा हात असाच मोडला. एलियो हार मानेना, शेवटी त्याचा भाऊ कार्लोस याने लढत थांबवली. ब्राझीलमध्ये या डावाला तेव्हापासून किमुराचंच नाव पडलं.

एलियोचा मुलगा रॉयलर याच्याशी साकुराबाची गाठ २१ नोव्हेंबर १९९९ रोजी पडली. खरं सांगायचं तर ही जोड बरोबरीची नव्हती, रॉयलर वजनाने बराच हलका होता. दुसऱ्या फेरीची दोन मिनिटंही उरली नव्हती तेव्हा साकुराबाने किमुरा लावला. रॉयलर शरण गेला नाही, पण हात मोडेल म्हणून पंचांनी लढत संपवली. ग्रेसी संतापले. पुढच्या वर्षी रॉयस लढायला तयार झाला तो स्वतःच्या अटींवर : पंधरा मिनिटांच्या कितीही फेऱ्या आणि पंचांना लढत थांबवण्याचा अधिकार नाही.

ती लढत १ मे २००० रोजी टोकियो डोममध्ये झाली. साकुराबा आला तो एकसारखे मुखवटे घातलेल्या तिघांपैकी एक बनून, खरा कोणता हे लोकांनी ओळखायचं! रॉयसच्या कोपऱ्यात ८६ वर्षांचा एलियो उभा होता. रॉयसने पांढरा गी, म्हणजे जुजुत्सूचा जाकीट-विजारीचा पोशाख, घातलेला, त्यामुळे साकुराबाला धरायला कापड आयतं मिळालं. त्याने ते जाकीट ओढून रॉयसला हैराण केलं, विजारीलाही हात घातला. लोक हसत होते आणि रॉयसच्या पायावर लाथा बसत होत्या. सहा फेऱ्या, नव्वद मिनिटं. सातव्या फेरीसाठी रॉयस उभा राहू शकला नाही, त्याच्या कोपऱ्यातून टॉवेल आला. त्याच रात्री साकुराबाला स्पर्धेच्या पुढच्या फेरीत आपल्याहून खूप भारी इगोर वोवचांचिनशी लढावं लागलं. तिथेही तो पंधरा मिनिटं टिकला, मग त्याच्या बाजूने माघार घेतली.

साकुराबाची गंमत आणि त्याची कुस्ती या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या जातात. विदूषकी प्रेक्षकांसाठी, डाव जिंकण्यासाठी. माझं मत याच्या उलट आहे. पाठीवर पडलेल्या ग्रेसी शिष्याचं सगळं बळ त्याच्या पायांत असतं, आणि त्या पायांच्या पलीकडे कसं जायचं हाच सगळ्यांचा प्रश्न होता. साकुराबा त्यांच्यावरून हातावर कोलांटी मारून जाई, नाहीतर उडी घेऊन वरून दोन्ही पाय आपटी. दोन्ही हात उंच नेऊन मानेच्या दोन्ही बाजूंना मारायचा मंगोलियन चॉप हा तर निव्वळ प्रो-रेसलिंगचा खेळ. पण तो चुकवायला खालच्या माणसाला हात वर घ्यावे लागत आणि तेवढ्यात मनगट साकुराबाच्या हाती येई. समोरचा पुढे काय करेल हे आधीच ठाऊक असणं ही नुरा कुस्तीची रोजची शिकवण. त्याने ती खऱ्या लढतीत वापरली.

२०००च्याच ऑगस्टमध्ये रेंझो ग्रेसीने उभ्याने त्याची पाठ घेतली. मागून कंबरेला मिठी म्हणजे बहुतेकांसाठी संकट. साकुराबाने पुढे आलेलं मनगट पकडलं, गिरकी घेतली आणि दोघे खाली पडेपर्यंत रेंझोचं कोपर निखळलं होतं. रेंझो ओरडला नाही की शरण गेला नाही. लटकता हात सांभाळत त्याने ध्वनिक्षेपक घेतला आणि कोणतीही सबब न सांगता साकुराबाची स्तुती केली. या सगळ्या वैरातला हा प्रसंग मला सर्वांत मोठा वाटतो. डिसेंबरमध्ये रायन ग्रेसीही हरला.

पुढची वर्षं पाहताना मात्र राग येतो. नारिंगी केसांचा, हसरा, दारू-सिगारेट न लपवणारा साकुराबा या लढती भरवणाऱ्या प्राइड या संस्थेचा सर्वांत मोठा चेहरा झाला आणि तिकिटं खपवायला त्याला वाटेल त्या वजनाच्या माणसासमोर उभं केलं गेलं. वांदेर्ले सिल्व्हाकडून तो तीनदा हरला, एकदा खांद्याजवळचं हाड मोडून. २००२ मध्ये मिर्को क्रो कॉपच्या माराने डोळ्याच्या खोबणीचं हाड गेलं. २००६ मध्ये स्मिर्नोवासने त्याला बेदम मारलं, लढत थांबायलाच हवी होती, ती थांबली नाही आणि साकुराबाने त्यातूनही हात पकडून विजय मिळवला. लोकांनी जल्लोष केला. असा जल्लोष खेळाडूला लवकर म्हातारा करतो. त्याच वर्षअखेरीस अकियामाशी लढताना तो पंचांना ओरडून सांगत राहिला की याचं अंग निसरडं आहे. कुणी ऐकलं नाही. अकियामाने अंगाला क्रीम लावल्याचं नंतर सिद्ध झालं आणि निकाल रद्द झाला, पण तोवर मार खाऊन झाला होता. शेवटची लढत २०१५च्या २९ डिसेंबरला शिन्या आओकीशी झाली, तीही पराभवाचीच. २०१७ मध्ये यूएफसीने त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं.

एप्रिल २०१८ मध्ये साकुराबाने ‘क्विंटेट’ नावाची पाच-पाच जणांच्या संघांची स्पर्धा सुरू केली. ठोसे नाहीत, गुण नाहीत, जिंकायचं तर शरणच आणायचं. जिंकलेला मल्ल रिंगणात थांबतो आणि पुढच्याशी लढतो, बरोबरी झाली तर दोघेही बाद. संघाच्या एकूण वजनाला मर्यादा घातलेली आहे. आणि दोन मल्लांच्या वजनात वीस किलो किंवा त्याहून जास्त फरक असेल, तर आठ मिनिटांची लढत चार मिनिटांचीच होते.