गोष्ट ऐकायची, पण कोणाच्या आवाजात?

सकाळच्या बदलापूर लोकलमध्ये हात हलवायलाही जागा नसते, पण कानात वायर असतेच. पूर्वी त्यातून गाणी यायची, आता कथाही येतात. स्टोरीटेल ही स्वीडनची कंपनी २०१७ साली भारतात आली आणि मराठी पुस्तके मोबाईलवर वाचून दाखवू लागली. जुन्या रहस्यकथा, भयकथा आता अशा ऐकायला मिळतात. चांगलेच झाले.

पण वाचून दाखवणे ही काय स्वीडनहून आलेली गोष्ट आहे? अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी, विम्कोचा काडेपेटीचा कारखाना, शहाडची सेंच्युरी रेयॉन. तिथून पाळी करून आलेले कामगार ओट्यावर बसायचे, शाळेत जाणारा एखादा पोरगा वाचायचा आणि अक्षर न कळणारे दहाजण ऐकायचे. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड आमच्या वस्तीत असेच शिरले. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, तरी प्रस्थापित समीक्षकांनी त्यांना साहित्यिकांच्या पंगतीत बसवले नाही. याच मंडळींनी अण्णाभाऊ साठे यांनाही बराच काळ उंबऱ्याबाहेरच ठेवले होते!

अण्णाभाऊंची 'स्मशानातील सोनं' घ्या. कोणत्याही भयकथेला मागे टाकील असा थरार तिच्यात आहे. वारणाकाठचा भीमा पोटासाठी मुंबईला येतो, खाणीत लागतो आणि खाण बंद पडते. मग तो चितेच्या राखेत सोने शोधू लागतो. रात्री मढ्यासाठी कोल्ह्यांशी झुंजतो. मढ्याच्या जबड्यात बोटे अडकतात, ती कापावी लागतात. आणि त्याच दिवशी कळते की खाण पुन्हा सुरू होणार. रहस्यकथेत शेवटी गुन्हेगार सापडतो. इथे गुन्हेगार कोण? कारखान्याला टाळे लागलेले ज्याने पाहिले आहे, त्या अंबरनाथकराला हे समजावून सांगावे लागत नाही.

ही कथा एकट्याने वायर लावून ऐकण्याची नाही. आपल्याला सामूहिक श्रवणाची सवय आहे. वर्षावासात विहाराविहारांत 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो, म्हाताऱ्या आया-बाया तीन महिने न चुकता येतात. त्याच सतरंजीवर महिन्यातून एक रविवार कथेला का देऊ नये? उल्हासनगरच्या सुभाष टेकडीपासून बदलापूरपर्यंत विहारांची काय कमी आहे? बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा १९६३ चा संग्रहही मोठ्याने वाचण्याजोगाच आहे. वाचायला आपलीच मुले-मुली बसवा. वारणेची बोली शुद्ध करण्याच्या भानगडीत त्यांनी पडू नये, आजीला ती तशीच कळते.

कायद्याचेही पाहून ठेवा. अण्णाभाऊ १९६९ साली गेले. त्यांच्या लेखनाचे हक्क २०२९ अखेर संपतील, तोवर ध्वनिमुद्रण करून विकायचे तर हक्कधारकांची परवानगी घ्यावी लागेल. तिकीट न लावता हौशी मंडळाने वाचून दाखवायला मात्र आडकाठी नाही. आणि ही कथा संपायला अंबरनाथ ते ठाणे प्रवासाएवढाच वेळ लागतो.