नॉर्मन बेट्स : कथेच्या सोयीसाठी दुभंगलेला माणूस

थरारकथांतील खलपात्रांच्या गर्दीत नॉर्मन बेट्सचे स्थान निराळे आहे, कारण खुनी आपणच आहोत हे त्याला स्वतःलाच ठाऊक नसते. अमेरिकी लेखक रॉबर्ट ब्लॉक यांच्या १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सायको’ या कादंबरीत तो प्रथम अवतरला आणि पुढच्याच वर्षी आल्फ्रेड हिचकॉक यांनी त्याच नावाच्या चित्रपटातून त्याला जगभर पोहोचवले. रहदारी आटलेल्या जुन्या रस्त्यावर बारा खोल्यांचे मोटेल, म्हणजे मोटारीने प्रवास करणाऱ्यांसाठीचे रस्त्याकाठचे विश्रामगृह, चालवणारा हा माणूस मागच्या टेकाडावरील घरात आपल्या आजारी आणि खाष्ट आईबरोबर राहतो, असे प्रेक्षकाला सांगितले जाते. प्रत्यक्षात ती दहा वर्षांपूर्वीच मेलेली असते, तिला आणि तिच्या प्रियकराला विष घालणारा नॉर्मनच असतो, आणि तिचे शव चोरून, ते टिकवून धरण्याची सारी खटपट करून, तो अधूनमधून तिचे कपडे, तिच्यासारखा केसांचा टोप आणि तिचे मनही अंगावर चढवत असतो. इतक्या वर्षांनंतर हे रहस्य फोडल्याचा दोष कोणाला लागू नये. ते रहस्य टिकवण्यासाठी लेखकाला आणि दिग्दर्शकाला काय काय करावे लागले हे पाहिले, की नॉर्मनचे दुभंगलेपण मनोविकाराच्या अभ्यासातून कमी आणि खुन्याला लपवण्याच्या कथाकाराच्या गरजेतून अधिक जन्मले आहे, हे ध्यानात येते.

या पात्राचे मूळ ज्या घटनेत शोधले जाते ती विस्कॉन्सिन राज्यातील प्लेनफिल्ड या गावची आहे. तेथे नोव्हेंबर १९५७ मध्ये एड गीन नावाच्या एकलकोंड्या माणसाच्या शेतघराची झडती घेतली असता पोलिसांना खून झालेल्या एका दुकानदार स्त्रीचे शव, तसेच दफनभूमीतून उकरून आणलेल्या प्रेतांच्या कातडीच्या आणि हाडांच्या वस्तू सापडल्या. हा गीन कर्मठ आईच्या धाकात वाढला होता आणि १९४५ मध्ये ती वारल्यानंतर तिची खोली त्याने बंद करून जशीच्या तशी ठेवली होती. ब्लॉक त्या काळात त्याच राज्यातील, प्लेनफिल्डपासून फार दूर नसलेल्या वेयावेगा या गावी राहत होते. गीनविषयीचे सगळे तपशील काही त्यांच्यापाशी नव्हते; त्यांच्या मनात घर केले ते एका प्रश्नाने, की जिथे ज्याला त्याला दुसऱ्याच्या घरातले ठाऊक असते अशा लहानशा गावात एखादा माणूस शेजाऱ्यापाजाऱ्यांना सुगावाही लागू न देता वर्षानुवर्षे असे जगू कसा शकतो. गीनमध्ये दुसरे कोणतेही व्यक्तिमत्त्व वास करत नव्हते. त्याच्या आजाराचे निदान स्किझोफ्रेनिया, म्हणजे वास्तवाशी संबंध तुटून भास आणि भ्रम होणारा छिन्नमनस्कता हा विकार, असे झाले होते. ब्लॉक यांनी मात्र आपल्या प्रश्नाला कादंबरीकाराचे उत्तर दिले: शेजाऱ्यांना पत्ता लागणार कसा, जर खुद्द त्या माणसालाच त्याचा पत्ता नसेल?

हे उत्तर सुचण्यास काळही अनुकूल होता. कॉर्बेट थिगपेन आणि हर्वी क्लेक्ली या दोन अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी एकाच स्त्रीच्या ठायी आलटून पालटून प्रकट होणाऱ्या तीन व्यक्तिमत्त्वांची हकीकत ‘द थ्री फेसेस ऑफ ईव्ह’ या पुस्तकात मांडली होती आणि १९५७ मध्ये तिच्यावर निघालेल्या चित्रपटातील भूमिकेसाठी जोअॅन वुडवर्ड यांना ऑस्कर मिळाले होते. एका देहात अनेक जण नांदू शकतात ही कल्पना त्यामुळे सामान्य वाचकाच्या परिचयाची झाली होती आणि फ्रॉइडच्या विचारांचा बोलबाला असलेल्या त्या दशकात सगळ्या विकृतींचे खापर आईवर फोडण्याची चाल तर रूढच होती. कादंबरीच्या अखेरीस ब्लॉक नॉर्मनच्या मनाची तीन शकले सांगतात: आईवाचून जगू न शकणारे मूल, नॉर्मा ही आई, आणि दैनंदिन व्यवहार सांभाळून जगाला फसवणारा प्रौढ पुरुष. ईव्हच्या तीन रूपांची छाया या मांडणीवर पडली असावी असे मानायला जागा आहे.

रहस्यकथेचा एक अलिखित दंडक आहे, की लेखकाने वाचकाला चकवावे, पण त्याच्याशी खोटे बोलू नये. ब्लॉक यांनी हा दंडक पाळण्यासाठी वापरलेली युक्ती केवळ गद्यातच शक्य होती. कादंबरीचे पहिलेच प्रकरण नॉर्मनच्या मनाच्या आतून लिहिलेले आहे. चाळिशीचा, स्थूल, चष्मा लावणारा हा माणूस पुस्तक वाचत बसलेला असताना आई येते, त्याच्यावर तोंडसुख घेते, तो तिला उत्तरे देतो, आणि निवेदक केवळ नॉर्मनला जे ऐकू येते आणि जाणवते तेवढेच नोंदवत जातो. नॉर्मनच्या अनुभवाशी निवेदक प्रामाणिक असल्यामुळे वाक्य एकही खोटे नसते आणि तरीही वाचकाचा ठाम समज होतो, की खोलीत दोन माणसे आहेत.

चित्रपटाला ही सोय नव्हती. कॅमेरा माणसाच्या मनात शिरला आहे की खोलीत उभा आहे, हे वाक्याच्या रचनेतून लपवता येते तसे चित्रचौकटीतून लपवता येत नाही. आई दाखवली तर फसवणूक होते आणि न दाखवली तर संशय येतो. हिचकॉक यांनी या पेचावर शोधलेले उपाय हा नॉर्मनच्या चरित्राचा खरा भाग म्हटला पाहिजे. पोलीस तपासाची चाहूल लागल्यावर नॉर्मन आईला उचलून तळघरात नेतो त्या प्रसंगी कॅमेरा जिना चढत चढत थेट छतापाशी जातो आणि तेथून खाली पाहतो. मधे कुठेही चित्र न तोडता घेतलेल्या या दृश्यात मायलेकांचा वाद मुद्दाम ऐकवण्यात आला, जेणेकरून प्रेक्षक कॅमेरा इतक्या उंचावर का गेला हे विचारण्याच्या मनःस्थितीत राहू नये, असे हिचकॉक यांनीच पुढे फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांना सांगितले. न्हाणीघरातील प्रसिद्ध खुनाच्या वेळी पडद्याआड दिसणारी आकृती तर नॉर्मनची भूमिका करणाऱ्या अँथनी पर्किन्स यांची नाहीच. ते त्या वेळी नाटकाच्या तालमींसाठी न्यूयॉर्कला होते आणि त्यांच्या जागी मार्गो एपर ही साहसदृश्ये करणारी स्त्री उभी राहिली होती. चित्रीकरणाच्या जागी ‘मिसेस बेट्स’ असे नाव लिहिलेली खुर्ची ठेवून तिची छायाचित्रे काढण्यापर्यंत ही लपवाछपवी गेली, आणि ती गमतीची वाटली तरी हिशेबी होती.

आवाजाच्या बाबतीत मात्र चित्रपट दंडकाच्या काठावर उभा आहे. कथेनुसार आईचे बोलणे नॉर्मनच्याच गळ्यातून निघते. पडद्यावर ऐकू येणारा आवाज व्हर्जिनिया ग्रेग आणि जीनेट नोलन या दोन अभिनेत्री आणि पॉल जास्मिन हा तरुण अशा तिघांच्या ध्वनिमुद्रणांतून जोडून तयार केलेला आहे. एका माणसात तीन व्यक्तिमत्त्वे वसवणाऱ्या कादंबरीवरच्या चित्रपटात एका व्यक्तिमत्त्वासाठी तीन माणसे लागावीत हा योगायोग मौजेचा आहे. कडक न्यायाने पाहिले तर ही फसवणूक ठरते, कारण पर्किन्स यांच्या गळ्याशी त्या आवाजाचा संबंध नाही; तरी त्यात मिसळलेल्या पुरुषी स्वरामुळे तो आवाज नेमका कोणाचा याविषयी एक अस्वस्थता कायम राहते आणि दुसऱ्यांदा चित्रपट पाहणाऱ्याला ती अधिक जाणवते.

पटकथाकार जोसेफ स्टेफानो आणि हिचकॉक यांनी केलेला सर्वांत मोठा बदल म्हणजे कादंबरीतील बेढब, दारुड्या नॉर्मनच्या जागी आणलेला सडपातळ, लाजरा, बोलताना अडखळणारा तरुण. आपल्या मालकाच्या धंद्यातील ४०,००० डॉलर घेऊन पळालेल्या मॅरियन क्रेनला तो सँडविच आणि दूध देतो, पेंढा भरलेल्या पक्ष्यांनी वेढलेल्या खोलीत तिच्याशी आपल्या एकाकीपणाविषयी बोलतो, आणि प्रेक्षकाला त्याची कीव येते. तिचा खून झाल्यावर हा घाबरलेला मुलगा आईचे पाप निस्तरतो असे समजून प्रेक्षक त्याची साफसफाई पाहत राहतो: तो फरशी पुसतो, हातांवरचे रक्त धुतो, शव शॉवरच्या पडद्यात गुंडाळून मोटारीच्या डिकीत ठेवतो, आणि पैसे दडवलेले वर्तमानपत्रही नकळत त्यातच टाकतो. मोटार दलदलीत ढकलल्यावर ती अर्धी बुडून क्षणभर थांबते. त्या क्षणी नॉर्मनबरोबर प्रेक्षकाचाही श्वास अडकतो, आणि ती पुन्हा बुडू लागली की दोघांनाही हायसे वाटते. व्यक्तिमत्त्वाच्या दुभंगाविषयी या चित्रपटाला जे काही सखोल म्हणायचे आहे ते याच ठिकाणी आहे, कारण चोरी करणाऱ्या नायिकेच्या बाजूने उभा असलेला प्रेक्षक काही मिनिटांत तिचे प्रेत लपवणाऱ्याच्या बाजूला गेलेला असतो आणि आपण बाजू केव्हा बदलली हे त्यालाही सांगता येत नाही.

त्या तुलनेत शेवटी येणारे मनोविकारतज्ज्ञाचे लांबलचक स्पष्टीकरण फिके पडते. सायमन ओकलंड यांनी रंगवलेले हे डॉक्टर पोलीस ठाण्यात जमलेल्या मंडळींना सांगतात, की मातृहत्येचा अपराध असह्य झाल्याने नॉर्मनने आईला आपल्या मनात जिवंत ठेवले, स्वतःच्या मत्सराचा आरोप तिच्यावर केला, आणि आता आईने त्याचा पुरता ताबा घेतला आहे. समीक्षक रॉजर ईबर्ट यांच्यासह अनेकांना हा भाग चित्रपटाला लागलेले ठिगळ वाटला आहे. पण त्यानंतर लगेच कोठडीत घोंगडी पांघरून बसलेला नॉर्मन आणि त्याच्या मनात चाललेले आईचे स्वगत दाखवून हिचकॉक यांनी डॉक्टरांच्या आत्मविश्वासाला बगल दिली आहे, असेही म्हणता येते.

वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने पाहता डॉक्टरांच्या या निरूपणात खरे आणि रचलेले यांची सरमिसळ आहे. ज्याला पूर्वी बहुव्यक्तिमत्त्व म्हणत त्या विकाराला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० च्या निदानसूचीत स्वतंत्र स्थान दिले आणि १९९४ मध्ये त्याचे नाव बदलून डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर, म्हणजे विघटित ओळखीचा विकार, असे केले. स्मृती, जाणीव आणि ‘मी’पणाची भावना यांची एरवी एकसंध असणारी वीण सुटणे, असा त्यातील विघटनाचा अर्थ आहे. नव्या नावामागची भूमिका अशी, की रुग्णात अनेक माणसे राहत नसून एकाच माणसाची ओळख एकसंध होऊ शकलेली नसते. रुग्णांच्या पूर्वायुष्यात बहुधा कोवळ्या वयातील दीर्घ अत्याचार आढळतात, स्मृतीत खिंडारे पडतात, आणि एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाणे इतके सूक्ष्म असू शकते, की घरच्यांच्या आणि डॉक्टरांच्याही ते वर्षानुवर्षे लक्षात येत नाही; त्यासाठी टोप आणि सुरा लागत नाही. या निदानाविषयी तज्ज्ञांत मतभेदही आहेत. सोळा व्यक्तिमत्त्वांची कहाणी सांगणारे ‘सिबिल’ हे पुस्तक १९७३ मध्ये गाजल्यानंतर अमेरिकेत असे रुग्ण झपाट्याने वाढले, तेव्हा उपचारकाच्या सूचनेने आणि संमोहनाने काही व्यक्तिमत्त्वे घडवली जात असावीत, असा आक्षेप घेतला गेला आणि तो अजून मिटलेला नाही. मनोरुग्ण हिंसा करण्यापेक्षा हिंसेचे बळी ठरण्याची शक्यता अधिक असते, यावर मात्र फारसा वाद नाही, आणि थरारपटांनी नेमकी याच्या उलट समजूत रुजवली. स्किझोफ्रेनिया म्हणजे दुभंगलेले व्यक्तिमत्त्व हा मराठीतही सर्रास आढळणारा घोटाळा तिचाच जोडीदार आहे. गीन आणि नॉर्मन यांच्यातील अंतर लक्षात घेतले तरी तो दूर व्हायला हरकत नाही.

निदानसूचीच्या २०१३ च्या आवृत्तीत आणखी एक गोष्ट मान्य करण्यात आली, की काही संस्कृतींत या विकाराचा अनुभव परक्या शक्तीने झपाटल्यासारखा वर्णिला जातो. महाराष्ट्रात परिचित असलेले अंगात येणे यात सरसकट मोडत नाही, कारण समाजाने स्वीकारलेल्या धार्मिक आचाराला ही सूची विकार मानत नाही. पण भारतीय चित्रपटाने दुभंगाची गोष्ट सांगताना झपाटण्याचीच परिभाषा कशी जवळ केली, याचा उलगडा यातून होतो. १९९३ च्या ‘मणिचित्रताळ’ या मल्याळम चित्रपटातील आणि त्यावरून २००७ मध्ये आलेल्या हिंदी ‘भूलभुलैया’तील नायिका स्वतःला जुन्या वाड्यातील मृत नर्तकी समजते, आणि मनोविकारतज्ज्ञ तिला बरे करण्यासाठी मांत्रिकाच्या विधीचाच आधार घेतो. त्याआधी ‘रात और दिन’मध्ये नर्गिस यांनी दिवसा घरंदाज वरुणा आणि रात्री पेगी अशी दुहेरी भूमिका करून राष्ट्रीय पुरस्कार मिळवला होता. या तिन्ही ठिकाणी दुभंगलेली व्यक्ती घरातील सून आहे आणि तिला बरे करून घरात परत आणणे हे कथेचे साध्य आहे. नॉर्मनला बरे करण्याचा विचार त्याच्या कथेत कोणी बोलूनही दाखवत नाही.

नॉर्मनचे रहस्य सर्वतोमुखी झाल्यावर या पात्राचे काय करायचे, हा प्रश्न पुढच्या चित्रपटकारांना पडला. पर्किन्स यांनीच भूमिका केलेले तीन उत्तरभाग १९८३ ते १९९० या काळात आले आणि १९९८ मध्ये गस व्हॅन सँट यांनी मूळ चित्रपटाची जवळजवळ चित्रागणिक नक्कल केली, पण प्रेक्षकांपाशी रहस्यच उरले नसल्याने तिचा प्रभाव पडला नाही. २०१३ ते २०१७ या काळात दाखवल्या गेलेल्या ‘बेट्स मोटेल’ या मालिकेने ही अडचणच भांडवल म्हणून वापरली. तेथे आई जिवंत आहे, व्हेरा फार्मिगा यांनी ती प्रेमळ, हट्टी आणि मुलावाचून असहाय अशी रंगवली आहे, आणि फ्रेडी हायमोर यांचा किशोरवयीन नॉर्मन हळूहळू स्मृतीच्या खिंडारांत हरवत जाताना पाच पर्वे भरून दिसतो. आईच्या मृत्यूनंतरच्या अखेरच्या पर्वातही फार्मिगा स्वयंपाकघरात वावरतात, मुलाला रागावतात, त्याच्याशी कट करतात, कारण आता काही लपवायचे नसल्याने कॅमेरा उघडपणे नॉर्मनच्या डोळ्यांतून पाहू शकतो. हिचकॉक यांना जी आई एकदाही बोलताना दाखवता आली नाही, ती येथे पडद्यावर समोरासमोर बसून बोलते.