दांडीवरचा भार

साखरेच्या हंगामावर लिहायचं म्हटलं की लेखणी आपोआप कारखान्याच्या धुरांड्याकडे वळते. यंदा संपादकांनीच सांगितलं, "कारखाना राहू दे, ट्रॉलीवर लिहा." म्हणून शिरोळ तालुक्यात गेले. कृष्णा-पंचगंगेच्या या पट्ट्यात दिवाळीनंतर कुठल्याही रस्त्याला लागा, उसानं शिगोशिग भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे असतोच. आपण हॉर्न वाजवतो, संधी मिळताच पुढे निघून जातो. ट्रॉलीकडे नीट पाहत मात्र नाही.

सहकारी साखर कारखानदारीची गोष्ट वाचकांना ठाऊक आहे. विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ, 1950 च्या सुमाराचं प्रवरानगर. त्या गोष्टीत वाहतूक एका ओळीत उरकते. आधी बैलगाडी, मग टायरगाडी, मग ट्रॅक्टर नि ट्रक. पण कोयता चालला त्या क्षणापासून उसातलं पाणी उडायला लागतं, साखर उतरायला लागते. ऊस शक्यतो चोवीस तासांत कारखान्याच्या गव्हाणीत पडायला हवा. फड आणि गव्हाण यांच्यामधलं हे अंतर ज्याच्या जिवावर कापलं जातं, त्या लोखंडी सांगाड्याला इतिहासात जागा नाही.

सगळे ज्यांना आबा म्हणतात, त्या वाहतूकदारांकडे अशा दोन ट्रॉल्या आहेत. दोन्ही दोनचाकी. ट्रॅक्टर पन्नास अश्वशक्तीचा. दसऱ्याआधी गेले तेव्हा एका ट्रॉलीचं चाक काढलेलं होतं आणि आबा हबमधलं जुनं ग्रीस बोटानं निपटून काढत होते. बेअरिंग डिझेलमध्ये धुतलं, फडक्यानं पुसलं, उजेडात धरून एकेक रोलर फिरवून पाहिला. मग तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन त्यात बेअरिंगची कड दाबत राहिले, दुसऱ्या बाजूनं ग्रीस वर येईपर्यंत. चाक चढवलं, नट आवळत नेला, चाक जड फिरायला लागलं तसा नट किंचित मागे घेतला. चाक दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिलं. खडखडलं नाही. तेव्हा कुठे स्प्लिट पिन घातली. नट जास्त आवळला तर बेअरिंग तापून जळतं, सैल राहिला तर चाक डुलतं आणि भर रस्त्यात निखळू शकतं. या दोहोंमधली जागा त्यांच्या हाताला बरोबर सापडते.

"खेप घेऊन निघालं की पहिल्या थांब्याला उतरून चारी हबला हात लावायचा," आबा म्हणाले. "तापलं असंल तर थांबायचंच. घरला उशीर झाला तरी चालतंय, ताई."

मला खरं गुंतवून ठेवलं ते दांडीनं. दांडी म्हणजे ट्रॉलीच्या पुढे आलेला तो लोखंडी हात, जो ट्रॅक्टरच्या हुकात पिनेनं अडकतो. चारचाकी ट्रॉलीचा सगळा भार तिच्या स्वतःच्या चाकांवर असतो, दांडी नुसती ओढते. दोनचाकीचं तसं नाही. तिचा थोडा भार दांडीवर यावाच लागतो, कारण तोच ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना जमिनीवर दाबून धरतो. ऊस मागे जास्त भरला गेला तर दांडी वर उचलू बघते, ट्रॅक्टरची मोठी चाकं जागच्या जागी फिरतात आणि पाणी पाजलेल्या रानात रुततात. पुढे जास्त भरला तर ट्रॅक्टरचं तोंड उचलतं आणि स्टिअरिंग नावापुरतं उरतं. आता याच्यामागे दुसरी ट्रॉली जोडा. तिची दांडी पहिलीच्या शेपटीवर बसते, शेपूट दबतं, आणि पहिलीची दांडी हलकी होते. म्हणून पहिली ट्रॉली जरा तोंडाकडे भरायची आणि दुसरी जवळजवळ तराजूसारखी. हे गणित कुठे लिहिलेलं नाही. बीड, जालन्याकडून आलेली ऊसतोड टोळीतली माणसं डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढतात, आणि आबा खाली उभे राहून सांगत असतात, "म्होरं टाका... बास, आता मागं."

भरण्याआधी तळाला तारेचे दोर अंथरतात. कारखान्यावर क्रेन तेच दोर उचलून सगळा भारा एका दमात गव्हाणीकडे नेते. मेहनतीनं रचलेला ऊस पाच मिनिटांत जातो, आणि उरतं ते तळाचं पाचट. ते झाडून काढल्याशिवाय आबा यार्डातून हलत नाहीत. उसाचा रस आंबतो. पाचटाखाली तो मातीसह साचून राहिला की पत्रा आतून खातो, आणि एक-दोन पावसाळ्यांत तळ बदलायची वेळ येते. हंगाम संपला की ट्रॉली धुऊन, गंज खरवडून, रेड ऑक्साइड मारून, आसाखाली दगड रचून ठेवायची. टायरांवर महिनोन्महिने भार राहिला तर त्यांच्या कडा फुटतात.

रस्त्याचं मात्र बोलायलाच हवं. दोन्ही ट्रॉल्यांत मिळून वीस टनांच्या आसपास ऊस असतो. ओढणाऱ्या ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन दोन टनांच्या आसपास. आणि बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतो. म्हणजे या साऱ्या वजनाला थांबवायचं काम ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांकडे. सपाटीवर निभावतं. उतारावर मागच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरला ढकलू लागतात. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकायचा, क्लचवर पाय ठेवायचा नाही, आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल करायचं तर नावही काढायचं नाही. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात, शेतात वळण्यासाठी. रस्त्यावर त्यांची दोन पेडल्स एकत्र अडकवायला विसरलं आणि पाय एकावरच पडला, तर ट्रॅक्टर जागीच फिरतो आणि ट्रॉल्या त्याच्या अंगावर येतात.

पिनेचंही तसंच. आबांनी मला जुनी पिन दाखवली. मधोमध अंगठा बसेल एवढी खाच पडली होती. काही ठिकाणी पिनेऐवजी बांधकामाच्या सळईचा तुकडा घातलेला दिसतो. ते पाहून माझ्या पोटात गोळा आला. पिन तुटली तर ट्रॉली रस्ताभर मोकळी, म्हणून शेजारी साखळी हवी. आबांच्या ट्रॉल्यांना ती आहे. वाटेत पाहिलेल्या बऱ्याच ट्रॉल्यांना नव्हती.

रात्रीची भीती याहून मोठी. दरवर्षी हंगामाच्या तोंडाला कारखाने, पोलिस आणि परिवहन विभाग रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम काढतात, आणि ती गरजेचीच आहे. पण मागे लोंबणारा ऊस तोच रिफ्लेक्टर झाकून टाकतो, उरलेला चिखल झाकतो. टायर फुटला की ट्रॉली रस्त्यावरच उभी राहते, भोवती चार दगड मांडले जातात, आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराला काळोखात काळोखच दिसतो. ट्रॉली हलवल्यावर ते दगडही तिथेच राहतात. अशा अपघातांच्या बातम्या आपल्याकडे आतल्या पानांवर छापून येतात.

कागदोपत्री ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे. त्याची नोंदणी वेगळी, विमाही वेगळा काढावा लागतो. ट्रॅक्टरचा परवाना असलेला चालक ट्रेलर जोडला म्हणून बिनपरवाना ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2001 साली स्पष्ट केलं. पण विमा शेतकामाचा आणि ऊस दुसऱ्याचा, तोही भाड्यानं, असं निघालं की भरपाईचा वाद उभा राहतो. हे वाहतूकदारांना बहुधा अपघातानंतर कळतं. आबांनी पॉलिसी एका वकिलाकडून वाचून घेतली आहे. तसं करणारे थोडे.

आणि पैसा. टोळी मिळवण्यासाठी वाहतूकदार तिच्या मुकादमाला हंगामाआधी लाखांनी आगाऊ उचल देतो, बरेचदा कर्ज काढून. टोळी आलीच नाही तर ट्रॉल्या अंगणात आणि हप्ता दारात. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या पोलिस ठाण्यांत अशा फसवणुकीच्या तक्रारी दर हंगामात नोंदल्या जातात. दुसऱ्या टोकाला कोयता चालवणारी जोडपी त्याच उचलीखाली वाकलेली असतात, हेही त्याच व्यवहाराचं अंग आहे. वर तोडणी-वाहतुकीचा खर्च ऊस उत्पादकाच्या बिलातून वजा होतो, त्यामुळे दर वाढवा म्हटलं की शेतकरीच समोर उभा. अशा ओढाताणीत ट्रॉलीच्या ब्रेकचा खर्च कुणाच्याच हिशेबात बसत नाही. माझ्या मते तो कारखान्यानं वाहतूक दरात वेगळा धरून द्यावा, आणि ब्रेक, साखळी, मागचे दिवे तपासल्याशिवाय हंगामाचा करारच करू नये. फाटकावर प्रत्येक ट्रॉलीचं वजन होतं. तिथेच टॉर्च घेऊन एक माणूस उभा करणं अवघड नाही.

आबांनी यंदा मागच्या ट्रॉलीला दिवे बसवून घेतले आहेत. वायर उसाला घासून तुटू नये म्हणून ती दांडीखालून पाइपातून नेली आहे, आणि दिवे बाजूला आडव्या पट्टीवर, लोंबत्या उसाच्या बाहेर. ब्रेकसाठी गावच्या वेल्डरनं मोजमाप घेतलंय. आस बदलावा लागेल, खर्च मोठा आहे, आणि यंदाच्या उचलीचे पैसे अजून मुकादमाकडे अडकलेले आहेत. पहिलं बिल हातात आलं की एका ट्रॉलीला तरी बसवायचेच, असं ते म्हणतात. मागच्या.