लाल कोटातल्या पीटरनंतर

मतदानाच्या हक्काचा कायदा अमेरिकेत ज्या ऑगस्टमध्ये मंजूर झाला, त्याच्या पुढच्याच महिन्यात, म्हणजे सप्टेंबर १९६५ मध्ये, नॅन्सी लॅरिक या वाचनशिक्षणाच्या अभ्यासक लेखिकेने 'सॅटर्डे रिव्ह्यू' या साप्ताहिकात लिहिलेल्या लेखाने तिथल्या बालसाहित्याच्या जगाला 'सर्वस्वी गोरे' ठरवले. हा निष्कर्ष त्यांनी मोजणी करून काढला होता. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत ६३ प्रकाशकांनी काढलेल्या ५,२०६ बालपुस्तकांपैकी केवळ ३४९ पुस्तकांच्या मजकुरात किंवा चित्रांत एखादी तरी कृष्णवर्णीय व्यक्ती होती, म्हणजे प्रमाण ६.७ टक्के, आणि समकालीन कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या जगण्याची गोष्ट सांगणारी पुस्तके तर एक टक्काही भरत नव्हती.

त्या थोड्या पुस्तकांतले सर्वांत लाडके पुस्तक म्हणजे एझ्रा जॅक कीट्स यांचे 'द स्नोई डे' (१९६२). लाल कोट घातलेला पीटर नावाचा लहान मुलगा शहरात पडलेल्या पहिल्या बर्फात दिवसभर खेळतो, एवढीच त्याची गोष्ट आहे. चित्रपुस्तकांसाठीचा कॅल्डेकॉट हा सर्वोच्च सन्मान या पुस्तकाला १९६३ मध्ये मिळाला. कीट्स हे पोलंडहून ब्रुकलिनला आलेल्या ज्यू दांपत्याचे पुत्र होते. 'लाइफ' नियतकालिकात १९४० साली छापून आलेली एका कृष्णवर्णीय मुलाची छायाचित्रे त्यांनी कापून वर्षानुवर्षे जपली आणि त्यांतूनच पीटर साकारला. पुस्तकाच्या मजकुरात पीटरच्या वर्णाचा उल्लेख कुठेही नाही, तो फक्त चित्रांत दिसतो; लॅरिक यांनी याकडे बोट दाखवले आणि पीटरच्या आईच्या चित्रणातील साचेबद्धपणावरही टीका केली. ही टीका रास्त मानूनही हे सांगायला हवे की, कृष्णवर्णीय मुलाला दुःखाची किंवा सुधारणेची सबब न जोडता केवळ आनंदात पाहण्याची कीट्स यांची दृष्टी त्या काळात दुर्मीळ होती.

या गुंत्याची नीट उकल रुडीन सिम्स बिशप या संशोधिकेने केली. १९६५ ते १९७९ या काळातील कृष्णवर्णीय जीवनाविषयीच्या १५० वास्तववादी बालपुस्तकांचा अभ्यास करून १९८२ साली त्यांनी तीन गट पाडले: गोऱ्या वाचकाच्या मनात सहानुभूती जागवण्यासाठी लिहिलेली पुस्तके, सगळी मुले सारखीच असे मानून वांशिक वेगळेपणाविषयी मौन बाळगणारी पुस्तके, आणि कृष्णवर्णीय कुटुंब, बोली, श्रद्धा व स्मृती यांच्या आतून लिहिलेली पुस्तके. पीटरची जातकुळी दुसऱ्या गटाची आहे, तर आजच्या नव्या पुस्तकांचे बळ तिसऱ्यात आहे.

तिसऱ्या गटाची वाट सोपी नव्हती. 'कौन्सिल ऑन इंटररेशियल बुक्स फॉर चिल्ड्रन' या संस्थेच्या स्पर्धांमधून वॉल्टर डीन मायर्स आणि मिल्ड्रेड टेलर हे लेखक पुढे आले. कृष्णवर्णीय लेखकांसाठीचा कोरेटा स्कॉट किंग पुरस्कार १९७० पासून दिला जाऊ लागला. आणि बालसाहित्याचे न्यूबेरी पदक १९७५ मध्ये व्हर्जिनिया हॅमिल्टन यांच्या रूपाने प्रथमच एका कृष्णवर्णीय लेखिकेकडे गेले. तरीही विस्कॉन्सिन विद्यापीठातील बालपुस्तक केंद्राने १९८५ साली मोजणी केली, तेव्हा सुमारे २,५०० नव्या पुस्तकांपैकी अवघ्या १८ पुस्तकांमागे कृष्णवर्णीय लेखक वा चित्रकार आढळले.

मराठी वाचकाला अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा लढा परका नाही. महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी' (१८७३) हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केला. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नाव ब्लॅक पँथरवरून घेतले. आणि अभ्यासक जनार्दन वाघमारे यांनी तिथल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा मराठीतून सविस्तर परिचय करून दिला. मात्र ही ओळख मुख्यतः प्रौढांच्या विद्रोही साहित्याची राहिली, आणि तिथल्या मुलांच्या हाती कोणती पुस्तके पडतात हा प्रश्न आपल्याकडील चर्चेच्या कडेलाच थांबला. जातीच्या अनुभवातून घडलेल्या समाजाला तो खरे तर फार जवळचा आहे.

अमेरिकेत हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला तो २०१४ मध्ये. विस्कॉन्सिनच्या केंद्राकडे २०१३ साली आलेल्या सुमारे ३,२०० पुस्तकांपैकी ९३ कृष्णवर्णीयांविषयी होती आणि ६८ कृष्णवर्णीयांनी निर्मिलेली होती. हे आकडे समोर ठेवून वॉल्टर डीन मायर्स आणि त्यांचे चित्रकार पुत्र क्रिस्टोफर यांनी मार्च २०१४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये दोन स्वतंत्र लेख लिहिले. हार्लेममध्ये वाढलेले मायर्स किशोरवयात वाचनापासून दुरावले होते, कारण पुस्तकांत त्यांना स्वतःसारखे कोणी भेटत नव्हते. कृष्णवर्णीय लेखक जेम्स बाल्डविन यांची एक कथा हाती आली तेव्हा ते अंतर मिटले. लेखानंतर काही महिन्यांतच त्यांचे निधन झाले. त्याच वसंतात एका पुस्तकमेळ्यातील चर्चेला केवळ गोरे लेखक बोलावल्यावरून 'वी नीड डायव्हर्स बुक्स' ही चळवळ सुरू झाली. वर्षअखेरीस कृष्णवर्णीयांविषयीच्या पुस्तकांची संख्या ९३ वरून १८० झाली, पण कृष्णवर्णीयांनी लिहिलेली वा चितारलेली पुस्तके ६८ वरून ८४ पर्यंतच गेली. पात्रांचे चेहरे पुस्तकांत झपाट्याने वाढले, लेखणी मात्र पुष्कळशी पूर्वीच्याच हातांत राहिली.

त्यानंतरच्या दशकातील उत्तम पुस्तके वाचताना लेखणी बदलल्याने काय बदलते, हे कळते. डेरिक बार्न्स आणि चित्रकार गॉर्डन जेम्स यांच्या 'क्राउन' (२०१७) या पुस्तकात न्हाव्याच्या दुकानात केस कापून घेणारा मुलगा खुर्चीत राजासारखा बसतो. त्या दुकानातली माणसे, त्यांचे परस्परांविषयीचे कौतुक आणि ताज्या कापलेल्या केसांचा अभिमान बाहेरच्या लेखकाला इतक्या सहजपणे सुचणे अवघड आहे. व्हष्टी हॅरिसन यांच्या 'बिग' (२०२३) मध्ये एका मुलीसाठी 'मोठी' हा शब्द लहानपणी कौतुकाचा असतो आणि थोड्याच वर्षांत टोचू लागतो. लोक कृष्णवर्णीय मुलींना वयाच्या आधीच प्रौढ समजतात, हा अभ्यासकांनी नोंदवलेला पूर्वग्रह येथे चित्रांच्या मांडणीतूनच कळतो, कारण मुलीची आकृती पानाच्या चौकटीत मावेनाशी होत जाते. या पुस्तकामुळे २०२४ मध्ये कॅल्डेकॉट पदक मिळवणाऱ्या हॅरिसन या पहिल्या कृष्णवर्णीय महिला ठरल्या.

कुमारवयीनांसाठीच्या साहित्यात वेदना अधिक उघड आहे. अँजी थॉमस यांच्या 'द हेट यू गिव्ह' (२०१७) मधील सोळा वर्षांच्या स्टारसमोर पोलिसाच्या गोळीने तिचा मित्र मरतो. पण कादंबरीची खरी पकड आहे ती तिच्या दुहेरी जगण्यात, कारण आपल्या वस्तीत आणि बहुतांशी गोऱ्या मुलांच्या खासगी शाळेत तिची भाषा व वागणूक वेगवेगळी असते. जेसन रेनॉल्ड्स यांच्या 'लाँग वे डाउन' (२०१७) या पद्यातील कादंबरीत भावाच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेला विल लिफ्टने खाली येतो आणि प्रत्येक मजल्यावर एकेक मृत व्यक्ती आत शिरते. अमिना लुकमन-डॉसन यांची 'फ्रीवॉटर', जिला २०२३ चे न्यूबेरी पदक आणि कोरेटा स्कॉट किंग पुरस्कार असे दोन्ही सन्मान लाभले, ती मळ्यावरून पळालेल्या होमर व अडा या भावंडांना व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या सीमेवरील 'ग्रेट डिस्मल' दलदलीत नेते. गुलामीतून निसटलेल्या माणसांनी तिथे खरोखर वसाहती केल्या होत्या, आणि त्या इतिहासामुळे गुलामगिरीच्या कथेत मुलांच्या वाट्याला केवळ सोसणे उरत नाही, तर बुद्धी आणि धाडसही येते.

निर्माते कृष्णवर्णीय असले की सारे सुटते, असे मात्र नाही. जॉर्ज वॉशिंग्टनचा गुलाम स्वयंपाकी हर्क्युलिस आपल्या मुलीसोबत हसतमुखाने केक करतो असे दाखवणारे एक चित्रपुस्तक जानेवारी २०१६ मध्ये तीव्र टीकेनंतर प्रकाशकाने मागे घेतले. त्याची चित्रकार आणि संपादक दोघी कृष्णवर्णीय होत्या. खरा हर्क्युलिस १७९७ मध्ये पळून गेला होता, ही गोष्ट मुख्य कथेत आलीच नाही. मुलांना आनंद दाखवायचाच, पण तो कशाच्या बदल्यात, याचा विचार प्रत्येक पुस्तकागणिक नव्याने करावा लागतो.

शिवाय निवड करणारे हात २०१९ पर्यंत फारसे बदलले नव्हते. 'ली अँड लो' या प्रकाशनसंस्थेच्या पाहणीत अमेरिकी प्रकाशन व्यवसायातील ७९ टक्के कर्मचारी २०१५ मध्ये गोरे होते आणि २०१९ मध्ये ७६ टक्के. पुस्तकांतही तसेच चित्र होते: २०१८ सालच्या बालपुस्तकांत कृष्णवर्णीय नायक-नायिका १० टक्के पुस्तकांत होते, तर प्राणी व निर्जीव वस्तू २७ टक्के पुस्तकांत.

आता कृष्णवर्णीय मुलांच्या या पुस्तकांवर शाळांतूनच आक्षेप येऊ लागले आहेत. जेरी क्राफ्ट यांची 'न्यू किड' ही न्यूबेरी पदक मिळवणारी पहिली चित्रकादंबरी (२०२०). चित्रकार होऊ पाहणारा जॉर्डन बँक्स महागड्या खासगी शाळेत दाखल होतो आणि तिथे एक शिक्षिका एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला वारंवार दुसऱ्याच्याच नावाने हाक मारते, असे या चित्रकादंबरीचे कथानक आहे. टेक्सासमधील केटी येथील शालेय प्रशासनाने २०२१ मध्ये काही पालकांच्या तक्रारीवरून हे पुस्तक ग्रंथालयांतून काढले आणि फेरतपासणीनंतर परत ठेवले. ज्या घरात पुस्तके विकत घेणे परवडत नाही, तिथल्या मुलासाठी शालेय ग्रंथालयातील ते कपाट हाच एकमेव मार्ग असतो, म्हणून मधले रिकामे दिवस क्षुल्लक मानता येत नाहीत. क्राफ्ट यांनी मालिका थांबवली नाही. २०२३ मध्ये आलेल्या तिसऱ्या पुस्तकात जॉर्डन आणि त्याचे मित्र शाळेच्या सहलीला पॅरिसला जातात.