सुराचे मोल

१७३७ साली स्पेनच्या दरबारी फारिनेल्ली नावाचा इटालियन गवई आला. राजा पाचवा फिलिप मनोविकाराने खंगला होता. या गवयाचे गाणे हेच त्याचे औषध ठरले. १७४६ मध्ये राजा वारला, तोवर हा क्रम चालू होता.

हा कंठ मात्र निसर्गाची देणगी नव्हे. चर्चमध्ये स्त्रियांना गाण्याची मनाई. म्हणून आवाज फुटण्यापूर्वीच मुलांना खच्ची करीत. स्वरयंत्र बालकाचेच राही, छाती मात्र पुरुषाची होई. त्यामुळे उंच सूर आणि लांब दमसास एकाच गळ्यात नांदत. हॅन्डेलच्या १७२४ च्या ऑपेरात प्रत्यक्ष ज्यूलियस सीझर रंगविला तो अशाच गवयाने, सेनेसिनोने!

पण सारेच काही फारिनेल्ली झाले नाहीत. पुष्कळ गरिबाघरच्या पोरांच्या वाट्याला ना कीर्ती आली, ना संसार.

१९०३ साली पोप दहाव्या पायसने चर्चमधले उंच स्वर मुलांनीच गावेत असे फर्माविले. त्याच सुमारास, १९०२ व १९०४ मध्ये, अलेस्सांद्रो मोरेस्कीचे गाणे ध्वनिमुद्रित झाले. ते आजही ऐकता येते. ऐकताना ‘वाहवा’ ओठांवर येते आणि तिथेच थबकते. या सुराचे मोल एका अजाण पोराने चुकते केले. त्याला कुणी विचारले होते का?